वाचकांचे प्रश्न : मरत्या ग्रहावरची हाक

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की विज्ञानकथांमध्ये मला सगळ्यात जवळची वाटते ती मरायला लागलेल्या ग्रहावरची प्रेमकथा, म्हणजे जिथे आपलं माणूसही गेलंय आणि पायाखालची जमीनही चाललीय अशी. वाटलं होतं दोनचार पत्रं येतील, पण इतकी आली की या वेळचं सगळं पान त्यांनाच दिलंय, तब्येतीचे आणि घरातल्या कटकटींचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेते, रागावू नका. नवीन वाचकांसाठी सांगते, मी तीस वर्षं इंदूरच्या शाळेत फिजिक्स शिकवलं आणि कादंबऱ्या त्याच्याही आधीपासून वाचतेय, त्यामुळे उत्तरं दोन्हीकडून आलीत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी २३ वर्षांची आहे, दिवसा जॉब करते आणि रात्री कादंबरी लिहिते. एक ग्रह आहे, वाळत चाललाय, शेवटच्या यानातून हिरो निघून जातो आणि हिरोईन मागे राहते. ८० पानं झाली आणि आता गाडी अडलीये. मैत्रीण म्हणते ग्रहावर काहीतरी मोठं आणून आदळव म्हणजे थ्रिल येईल. आदळवू का?
— एक वाचिका, विजयनगर

उत्तर : अगं नको ना आदळवूस! काही आदळलं की सगळे एकदम मरतात आणि एकदम मेल्यावर कोणाला कोणाची आठवण काढायला वेळच कुठे उरतो. तुझी गोष्ट मागे राहिलेल्या बाईची आहे, तर तिच्या ग्रहाला सावकाश मरू दे, इतकं सावकाश की रोज सकाळी उठून तिला वाटावं आज काही बदललेलं नाहीये.

असा ग्रह कसा मरतो त्याचा नमुना आपल्या शेजारीच आहे, मंगळ. तिथे एके काळी नद्या वाहत होत्या, त्यांची कोरडी पात्रं आजही फोटोंत दिसतात. मग त्याच्या पोटातल्या वितळलेल्या लोखंडाचं ढवळणं मंदावलं आणि साधारण ४०० कोटी वर्षांपूर्वी त्याचं चुंबकीय क्षेत्र गेलं, आणि हे क्षेत्र म्हणजे ग्रहाच्या डोक्यावरची छत्री असते बरं का, ती मिटल्यावर सूर्याकडून येणारा कणांचा वारा थेट हवेवर यायला लागला आणि हवा निसटायला लागली. मेव्हन नावाचं यान २०१४ मध्ये मंगळाभोवती पोचलं, त्याने हे निसटणं मोजलं तर ते निघालं सेकंदाला १०० ग्रॅमच्या आसपास. आता १०० ग्रॅम म्हणजे किती, तर छप्पन दुकानवरची पोह्यांची एक प्लेट. दर सेकंदाला एक प्लेट, दिवसाला साडेआठ टनांहून जास्त, आणि सूर्यावर वादळ उठलं की त्याहूनही जास्त. हे चालत चालत आज तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या एक टक्काही उरलेला नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या पोह्यांच्या प्लेटचाच विचार करत बसले होते, इतक्या छोट्या मापाने एक अख्खं जग गेलं.

आता हे सगळं तू कादंबरीत असं सांगू नकोस, हे तुला माहीत पाहिजे म्हणून सांगितलं. कादंबरीत तिचं घर दाखव. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणजे तिचा चहा पटकन उकळतो पण त्याला रंग चढत नाही, डाळ तासभर ठेवली तरी कच्चीच राहते आणि तिला वाटतं आपल्या हाताची चव गेली. हवा विरळ झाली की तारे लुकलुकायचे थांबतात, कारण लुकलुकणं हे हवेमुळेच असतं, तर एका रात्री ती वर बघते आणि तारे नुसते टोचून ठेवल्यासारखे स्थिर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज. विरळ हवेत आवाज लांब जात नाही. तो होता तेव्हा ती गच्चीवरून हाक मारायची आणि त्याला तिसऱ्या गल्लीत ऐकू जायची, आता तिची हाक अंगणाच्या फाटकापर्यंतही पोचत नाही. बघ, तो गेला म्हणून हाक वाया जातेय की हवा गेली म्हणून, हे आता तिलाही सांगता येत नाहीये. मला वाटतं तुझी कादंबरी इथे आहे, ८१व्या पानावर हे लिही. ग्रह एकीकडे मरतोय आणि प्रेम दुसरीकडे संपतंय असं दोन रुळांवर चाललं तर ग्रह नुसता मागे लावलेला पडदा होतो, आणि तसा पडदाच लावायचा असेल तर गोष्ट इंदुरात घडली तरी काय बिघडलं.

एक भेट देते तुला. मंगळावर दिवसा आकाश तांबूस दिसतं पण सूर्य मावळताना त्याच्या भोवती निळं होतं, तिथल्या बारीक धुळीमुळे. आपल्यापेक्षा बरोबर उलटं. म्हणजे तिथली कातरवेळ निळी. कातरवेळ हा शब्द आपल्याकडे आहे, त्याचा वापर कर.

प्रश्न : मॅडम, तुमच्या गेल्या अंकातल्या लेखात नायिका "तळं आटताना बघते" असं होतं. मी निवृत्त इंजिनिअर आहे म्हणून हिशेब केला. ग्रह मरायला कोट्यवधी वर्षं लागतात. माणसाच्या ७०-८० वर्षांत त्यातलं काय दिसणार? नायिकेला काहीच बदल जाणवायला नको. हे शास्त्राला धरून नाही.
— एक वाचक, रामबाग

उत्तर : काका, तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे आणि बऱ्याच लेखकांचा पाय इथेच घसरतो. ग्रहाचं मरण कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही, दहा पिढ्यांनाही नाही. पण तुम्ही इंजिनिअर आहात तर तुम्हाला दुसरी गोष्ट माझ्यापेक्षा जास्त पटेल, की अशा ग्रहावर माणसं ग्रहाच्या भरवशावर जगतच नसतात, ती पंपाच्या भरवशावर जगतात.

आपलंच बघा ना. नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास ७० किलोमीटर लांबून उचलून, विंध्याचा चढ चढवून इंदुरात आणतात, १९७८ पासून. त्याच्या आधीचं इंदूर तुम्ही बघितलं असेल, यशवंतसागर आणि बिलावली या तलावांवर नजर ठेवून काढलेले उन्हाळे. नर्मदा काही कोट्यवधी वर्षं आटणार नाही असं धरू, पण ती मोठी पाइपलाइन एकदा फुटली की तिसऱ्या दिवशी आपल्या गल्लीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको, टँकरपुढे बादल्यांची रांग आणि वीस वर्षांचे शेजारी एकमेकांशी बोलेनासे. आमच्या वाड्यात बोअरिंग पहिल्यांदा २०० फुटांवर लागलं होतं, नंतर त्याच जागेजवळ ५०० फूट खाली गेले तरी नुसती धूळ वर आली, आणि माझे वडील त्या धुळीकडे बघत उभे होते ते मला अजून दिसतं. हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात झालं.

तर कादंबरीतलं गाव असं पाहिजे, की ग्रह कधीचाच गेलाय, लोक मोठ्या घुमटाखाली राहतात, हवा मशीन बनवतं, तळं मशीन भरतं, आणि मशीनचं आयुष्य माणसाएवढं असतं. स्पेअर पार्ट घेऊन येणारं यान पूर्वी वर्षाला यायचं, मग तीन वर्षांनी, मग आलंच नाही. पंप मंदावला की घुमटातला दाब थोडा थोडा उतरतो, आणि मग वरच्या विजयनगरच्या मुलीला मी सांगितलेला तो बिनरंगाचा चहा नायिकेला तिच्या एका जन्मात प्यायला मिळतो. काका, तुमच्यासारख्या माणसाने खरं म्हणजे त्या पंपाच्या ऑपरेटरचं पात्र लिहायला पाहिजे. रोज एक आकडा वहीत लिहिणारा, आणि तो आकडा घरी न सांगणारा.

प्रश्न : ताई, हिरो यानातून गेला आणि परत आला तर ती म्हातारी आणि तो तरुण असं खरंच होतं का? किती स्पीड लागेल? आणि मधे फोनवर बोलता येईल का? मी बीएस्सीला आहे.
— देवासहून एक विद्यार्थी

उत्तर : होतं, पण वेग फार लागतो. प्रकाशाच्या वेगाच्या ९९.५ टक्के वेगाने गेला तर यानातलं १ वर्ष म्हणजे घरची १०, म्हणजे तो २ वर्षांनी मोठा होऊन येईल तोवर ती २० वर्षांनी. आजच्या यानांचं म्हणशील तर सगळ्यात वेगवान पार्कर यान, डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना त्याचा वेग तासाला सुमारे ६ लाख ९० हजार किलोमीटर होता, आणि तो वेग वर्षभर टिकला असं धरलं तरी घड्याळातला फरक पडेल साडेसहा सेकंदांच्या आसपास. तू बीएस्सीला आहेस, गणित स्वतः करून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

पण मला विचारशील तर ही तरुण-म्हाताऱ्याची युक्ती आता फार वापरून झालीये, वाचकाला दुसऱ्या पानावरच कळतं पुढे काय होणार. मला तुझा फोनवाला प्रश्न जास्त आवडला. पृथ्वी आणि मंगळ जवळ असले की सिग्नलला जायला ३ मिनिटं लागतात, लांब असले की २२. प्रकाशाचा वेगच तेवढा, कितीही महागडा मोबाईल घेतला तरी. म्हणजे ती "जेवलास का" विचारते आणि उत्तर येतं पाऊण तासाने, तोवर ती भांडी घासून झोपायला गेलेली असते. अशा दोघांत भांडण कसं होत असेल याचा विचार कर, रागाचं वाक्य पाठवलं आणि लगेच पस्तावली तरी ते परत बोलावता येत नाही, आणि माफीचं वाक्य त्याच्या मागोमाग धावत असतं पण त्याला कधीच गाठू शकत नाही. आपल्याकडे उचकी लागली की म्हणतात कोणीतरी आठवण काढली. तिथली उचकी २२ मिनिटं जुन्या आठवणीची असेल.

आणि अजून एक, हे मला तर कादंबरीचं एक पूर्ण प्रकरण वाटतं. साधारण दर २६ महिन्यांनी मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो आणि जवळजवळ दोन आठवडे तिथल्या यानांना कमांड पाठवणं बंद ठेवतात, कारण सूर्याजवळून जाताना सिग्नल बिघडतो. दोन आठवडे मौन, आधीच माहीत असलेलं, कॅलेंडरवर लिहिलेलं. त्या मौनानंतर पहिला निरोप आला नाही तर?

आपल्या मंगळयानाचं असंच झालं. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत गेलं, सहा महिन्यांसाठी बनवलेलं होतं आणि जवळपास आठ वर्षं टिकलं. मग २०२२ मध्ये एका लांबलेल्या ग्रहणानंतर संपर्क तुटला तो परत जुळलाच नाही. तुटलं-फुटलं म्हणून गेलं नाही ते, अजून तिथेच फिरत असेल, फक्त आपल्याशी बोलत नाही. शाळेत मुलांना हे सांगताना माझा आवाज जड झाला होता आणि मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, त्याला माहीत असेल का आपण वाट बघितली ते?" तिला काय उत्तर द्यायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही.

प्रश्न : अशा ग्रहाला चंद्र असावा की नसावा?
— एक वाचक, धार

उत्तर : असावा, आणि मंगळाच्या फोबोससारखा असावा. तो इतका जवळून फिरतो की साडेसात तासांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो, म्हणून तिथल्या आकाशात तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. दर शंभर वर्षांत तो मंगळाच्या १.८ मीटर आणखी जवळ येतोय आणि पाचेक कोटी वर्षांनी एक तर तुटून त्याचं कडं होईल नाहीतर तो खाली कोसळेल. जवळ येत येत संपणारा चंद्र. प्रेमकथेच्या लेखकाने अजून काय मागावं.

प्रश्न : कादंबरीत "अंतराळयान" लिहू की "स्पेसशिप"? शुद्ध मराठीत लिहिलं तर खोटं वाटतं.
— एक वाचिका, महू

उत्तर : निवेदनात यान लिही, माणसं बोलतात तिथे ती जे बोलतील ते. आपण इंदूरचे लोक तर एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्ही घालतो आणि ते कोणाला खोटं वाटत नाही, मग तुझ्या ग्रहावरची माणसंही मिसळूनच बोलतील ना, शे-दोनशे वर्षं आपल्या गावापासून लांब राहिलेली. आपली भाषा पण अशीच लांब राहून टिकलीये, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : दुःख आपल्याकडे काय कमी आहे का? तरुणांना अशा रडक्या कथा देण्यापेक्षा विज्ञानकथेने उमेद द्यावी, माहिती द्यावी. तुमच्यासारख्या शिक्षिकेने तरी हे समजून घ्यावं.
— एक वाचक, जेलरोड

उत्तर : तुमची कळकळ मी समजू शकते पण मला हे पटत नाही, आणि स्पष्टच लिहिते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत "कृष्णविवर" नावाची गोष्ट पहिली आली, लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ते होते जयंत नारळीकर, आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलेलं, कारण आपल्या नावाकडे बघून परीक्षकांनी बक्षीस द्यायला नको असं त्यांना वाटलं. तेव्हा ते जगभर गाजलेले शास्त्रज्ञ होते, माहितीच द्यायची असती तर स्वतःच्या नावाने लेख लिहिला असता आणि लोकांनी डोक्यावर घेतला असता. पण त्यांना गोष्ट गोष्ट म्हणून उभी राहते का ते बघायचं होतं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा मला पहिल्यांदा हाच किस्सा आठवला. आणि गोष्टीला दुःख चालतं हो, आपल्या संतांनी विराण्या लिहिल्या, त्या आपण सातशे वर्षं गातोय आणि त्यांनी कोणी नाउमेद झालेलं मी तरी बघितलं नाही. उलट माझ्या वर्गातली जी मुलं अशा गोष्टी वाचून गप्प व्हायची तीच नंतर तास संपल्यावर येऊन विचारायची, पृथ्वीचं पण असं होईल का, कधी होईल. मग मी सांगायची की सूर्य दर १०० कोटी वर्षांत साधारण १० टक्के जास्त तळपायला लागतो आणि तेवढ्याच काळात आपले समुद्र आटतील. पुस्तकात हेच लिहिलेलं होतं पण पुस्तक वाचून कोणी विचारायला आलं नव्हतं.

प्रश्न : ताई, माझं वय ७४. आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. नातीने मला एक कादंबरी वाचायला दिली, तुम्ही लिहिता तशीच, ग्रह वाळतोय आणि एक बाई एकटी राहिलीये. मला विज्ञान काही कळलं नाही. पण एका ठिकाणी ती बाई एका रस्त्याचं नाव घेते आणि तिच्या लक्षात येतं की हे नाव ओळखणारं आता कोणीच नाही, तिथे मला इतकं रडू आलं की सून धावत आली. नवरा गेला तेव्हा मी एवढी रडले नव्हते. ह्यांच्यासोबत लग्नानंतर सिरपूरच्या तलावावर सायकलने जायचो, तिथल्या एका कोपऱ्याला आम्ही दोघं एका नावाने ओळखायचो, घरात कोणाला माहीत नाही. माझं हे असं रडणं बरोबर आहे का?
— एक वाचिका, स्नेहलतागंज

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग ते बाजूला ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

बरोबर आहे तुमचं रडणं. गेल्या अंकापासून मी जे सांगायचा प्रयत्न करतेय आणि हवेच्या दाबाचे नि सिग्नलचे आकडे देऊन जे सांगता येत नव्हतं ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंत. आपण म्हणतो माणूस गेलं, पण माणूस जाताना आपल्या बाजूने साक्ष देणारं एकुलतं एक कोणीतरी जातं, की हो, असं होतं, इथे झाड होतं, त्या झाडाखाली पाऊस आला होता, आपण भिजलो होतो. दोघांनी बघितलं तोवर ते जग असतं. एकानेच बघितलेलं उरलं की लोक म्हणतात आजींना काहीतरी जुनं आठवतंय. म्हणून अशा कादंबऱ्यांत ग्रह मरायला लागतो काकू, कारण एका बाईच्या मनातलं हे कोसळणं एवढं मोठं असतं की ते दाखवायला लेखकाला अख्खा ग्रह लागतो. तुमच्या बाबतीत बाहेर काहीच मेलेलं नाही. सिरपूर तलाव तिथेच आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना देतात तो आंतरराष्ट्रीय मान, मिळाला, थंडीत पक्षी येतात, लोक फोटो काढतात. आणि तरी तुमचा तो कोपरा नकाशातून गेलाय.

माझी एक मैत्रीण होती, कॉलेजातली. आम्ही मीटरगेजच्या गाडीने पाताळपाणीच्या घाटातून जायचो, डबा घेऊन, दारात बसून, आणि बोगदा आला की ती एक ठरलेला शब्द ओरडायची आणि मी दुसरा. ती गेली, ती गाडीही गेली. तो शब्द मी त्यानंतर कोणासमोर उच्चारला नाही. आत्ता लिहितानाही हात थांबला बघा.

तुमचं पत्र आल्यावर मात्र मी तो माझ्या वहीत लिहिला, तिचा आणि माझा, दोन्ही, तारीख घालून. तुम्हीही तसं करून बघा. नातीला घेऊन एकदा सकाळी सिरपूरला जा, ऊन चढायच्या आत, तो कोपरा तिला दाखवा आणि नाव सांगायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवा, सांगावंसं वाटलं नाही तर नका सांगू, ते तुमचं आहे. सांगितलंत तर ती काय म्हणाली तेवढं मला कळवा. नाव कळवू नका.